वाचलेला हेलपाटा : फोर्थ भाषेच्या इतिहासातील एक प्रकरण



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्यासपीठावर उभे राहून पगार, बोनस आणि कामाचे तास यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकाच्या एका अल्पपरिचित भाषेविषयी, आणि त्या भाषेच्या इतिहासातील एका लहानशा सुधारणेविषयी. तरीही विषय कामाचाच आहे. गिरणीत असो, शेतावर असो, की संगणकाच्या पोटात असो, कोणत्याही कामाचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष कृती, आणि दुसरा त्या कृतीसाठी करावी लागणारी ने-आण. विहिरीचे पाणी हंड्यात भरण्यास फारसा वेळ लागत नाही. विहिरीपर्यंतच्या हेलपाट्याला लागतो.

ही गोष्ट मालकवर्गाच्याही लक्षात आलेली होती. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामाचे बारकाईने निरीक्षण केले. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा दाखला देऊन असे सांगितले की, एक वीट रचण्यासाठी होणाऱ्या १८ हालचाली ५ वर आणता आल्या. वीट वाकून उचलण्याऐवजी हाताच्या उंचीवर ठेवली, हे त्यातले मर्म. सुधारणा खरीच होती. पण कामगाराने तेव्हापासून एक प्रश्न विचारला आहे, आणि तो अद्याप जुना झालेला नाही : वाचलेले श्रम गेले कुठे? ते गवंड्याच्या विश्रांतीत गेले, की त्याच्या माथी अधिक विटा आल्या? मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा सुमारे सहा महिने चाललेला संप ज्या कारणांनी झाला, त्यांत एकाच माणसाकडे अधिक माग व अधिक चाती सोपविण्याची योजना हे एक प्रमुख कारण होते. हाच प्रश्न बरोबर घेऊन आपण आजच्या विषयात शिरू.

प्रथम थोडेसे व्याकरण. आपण मराठीत म्हणतो, ‘दोन आणि तीन यांची बेरीज कर.’ ज्यांच्यावर काम करावयाचे त्या वस्तू आधी येतात, आणि क्रियापद शेवटी. शाळेतले गणित मात्र अधिकचे चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये घालते, आणि त्यामुळे कंसांची भानगड उद्भवते. पोलंडमधील तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिले की, चिन्ह आकड्यांच्या आधी लिहिले तर कंसांची गरज उरत नाही. पुढे हीच रीत उलटी करून चिन्ह शेवटी लिहिण्याचा प्रघात पडला. ‘२ ३ + ४ ×’ असे लिहिले, की दोन व तीन यांची बेरीज करून तिला चाराने गुणावयाचे, हे कंसावाचून कळते. मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

अशी वाक्ये यंत्राकडून करवून घेण्यासाठी एक साधी सोय पुरते. स्वयंपाकघरात भाकऱ्यांची चवड असते. नवी भाकरी वर पडते, आणि वाढतानाही वरचीच प्रथम उचलली जाते. आकडा आला की चवडीवर ठेवावा. चिन्ह आले की वरचे दोन आकडे उचलून क्रिया करावी, आणि उत्तर परत चवडीवर ठेवावे. या चवडीस संगणकशास्त्रात ‘स्टॅक’ म्हणतात. म्युनिक येथे फ्रीडरिख बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी १९५७ साली या तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते तिला तळघर म्हणत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन यांनीही हाच विचार मांडला. दोन खंडांतील माणसे एकाच वेळी एका निर्णयास आली, याचे आश्चर्य वाटावयास नको. गरज दोन्हीकडे तीच होती.

आता अडचण पाहा. संगणकात माहिती साठविण्याच्या मुख्यतः दोन जागा. एक मोठी स्मृती. हिला आपण कोठार म्हणू. दुसरी जागा प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेले थोडेसे खण. त्यांना ‘रजिस्टर’ म्हणतात. हजेरीच्या वहीशी त्याचा संबंध नाही. कोठार मोठे, पण तेथे जाऊन येण्यास वेळ लागतो. खण मोजकेच, पण त्यांतील आकडा तात्काळ मिळतो. चवड कोठारात ठेवली तर प्रत्येक बेरजेला दोन आकडे आणण्याचे दोन हेलपाटे, आणि उत्तर नेऊन ठेवण्याचा तिसरा. प्रत्यक्ष बेरीज क्षणाची, आणि ने-आण तिच्या तिप्पट!

अमेरिकेतील बरोज कंपनीने १९६१ साली जाहीर केलेल्या बी ५००० या संगणकात यावर एक उपाय केलेला होता. चवडीवरचे दोन आकडे राहण्यासाठी त्यात अ आणि ब असे दोन खण होते, आणि प्रत्येक खणाला तो भरलेला आहे की रिकामा आहे हे सांगणारी खूण होती. बेरजेची आज्ञा आली की यंत्र त्या खुणा पाही, आणि आकडा हाताशी नसेल तरच कोठाराकडे जाई. हेलपाटा वाचला, पण तो वाचविण्याचा भार विद्युतमंडलांवर पडला. असे यंत्र मुद्दाम बांधावे लागे. ज्याच्याकडे सामान्य यंत्र होते, त्याला या सोयीचा उपयोग नव्हता. १९७२ साली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने काढलेल्या एचपी-३५ या खिशातील गणकानेही चवडीचीच रीत स्वीकारली. तीत चार आकडे मावत, आणि हिशोब करणाऱ्याने तेवढ्यात भागवावे लागे.

आता फोर्थ. तिचे जनक चार्ल्स मूर. १९५८ च्या सुमारास ते स्मिथ्सोनियन खगोल वेधशाळेसाठी उपग्रहांच्या मार्गांचे हिशोब करीत. प्रत्येक बारीक बदलासाठी सगळी आज्ञावली पुन्हा सिद्ध करण्याचा खटाटोप टाळावा, म्हणून त्यांनी कार्डांवरून शब्द वाचून त्याप्रमाणे वागणारा एक छोटा दुभाषा तयार केला. संगणकशास्त्रात ‘इंटरप्रिटर’ म्हणतात तो हाच. हा दुभाषा त्यांनी पुढे नोकरीमागून नोकरीत बरोबर नेला, जसा सुतार आपली हत्यारांची पेटी नेतो. १९६८ साली ते न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅमस्टरडॅम या गावी मोहास्को नावाच्या गालिचे विणणाऱ्या कंपनीत गेले, आणि तेथील आयबीएम ११३० या यंत्रावर या भाषेला नाव मिळाले. मूर यांना तिला चौथ्या पिढीची भाषा म्हणावयाचे होते. पण ‘चौथा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सहा अक्षरांचा, आणि त्या यंत्रावर नावाला पाचच अक्षरांची मुभा! एक अक्षर गळाले, आणि ‘फोर्थ’ हे नाव कायम झाले. कापडाच्या गिरणीचा आणि संगणकाच्या इतिहासाचा संबंध जाकार्डच्या मागापासून आहेच. त्यात गालिच्याच्या गिरणीची ही भर.

तेथून मूर अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेत आले. अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील ३६ फुटी दुर्बीण १९७० नंतरच्या वर्षांत फोर्थवर चालू लागली. तेथे एलिझाबेथ रॅदर या त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९७३ साली फोर्थच्या प्रसारासाठी कंपनी निघाली. त्या काळच्या छोट्या यंत्रांत स्मृती अगदी थोडी असे. इतक्या थोड्या जागेत भाषा, तिचा दुभाषा आणि दुर्बिणीचे काम, सारे मावत असे, ही फोर्थची खरी पुण्याई.

ते कसे मावे? फोर्थमध्ये सारा व्यवहार शब्दांचा. काही मूळ शब्द असतात : बेरीज कर, वरच्या आकड्याची नक्कल कर, वरचे दोन आकडे आलटून पालटून ठेव, वरचा आकडा टाकून दे. हे यंत्राच्या भाषेत लिहिलेले असतात. बाकीचे शब्द या मूळ शब्दांची माळ ओवून बनतात, आणि त्या शब्दांचे पुढे आणखी शब्द. दुभाषा फक्त माळेतील एका मण्यावरून पुढच्या मण्यावर जातो. जेम्स बेल यांनी १९७३ साली या रचनेचे वर्णन करून तिला दोऱ्यात ओवलेली आज्ञावली असे सार्थ नाव दिले.

मूळ शब्द एकमेकांशी चवडीवरूनच बोलतात. एकाने आकडा ठेवावा, दुसऱ्याने उचलावा. आणि येथेच आमचा हेलपाटा पुन्हा भेटतो. मघाचे ‘२ ३ + ४ ×’ घ्या. चवड कोठारात असेल तर २ ठेवण्याचा एक हेलपाटा, ३ चा एक, बेरजेचे तीन, ४ चा एक, आणि गुणाकाराचे तीन, एकूण नऊ. फोर्थचे कारागीर यावर एक तोडगा वापरीत आले आहेत : चवडीवरचा सर्वांत वरचा आकडा नेहमी एका ठरलेल्या खणात ठेवावयाचा. मग हेच काम पाचांत होते. नवा आकडा आला की जुना कोठारात ढकलावा लागतो, आणि बेरजेला एकच आकडा आणावा लागतो. सुधारणा झाली, पण अर्धी. वरचे दोन किंवा तीन आकडे हाताशी का ठेवू नयेत?

ठेवले, तर असे होते. आत्ता हाताशी किती आकडे आहेत, हे क्षणोक्षणी बदलते : कधी एकही नाही, कधी एक, कधी दोन, कधी तीन. मग ‘बेरीज कर’ हा एकच शब्द चार प्रकारांनी लिहावा लागतो. हाताशी काहीच नसेल तर दोन्ही आकडे आणून बेरीज कर. एक असेल तर दुसरा आण. दोन असतील तर कोठाराकडे पाहूच नको. तीन असतील तर वरच्या दोघांची बेरीज कर आणि तिसऱ्याला हात लावू नको. काम संपताना हाताशी किती राहिले, त्यावर पुढच्या शब्दाचे कोणते रूप वापरावे ते ठरते. अशा रीतीने आमचे वाक्य रिकाम्या हाताने सुरू केले तर दोन खणांतच पुरे होते. हेलपाटे शून्य, आणि उत्तर, म्हणजे २०, हाताशीच तयार. नवावरून पाच, पाचावरून शून्य!

व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील अँटन एर्टल यांनी १९९५ साली दुभाष्यांसाठी या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. हाताशी किती आकडे आहेत, ते कोणत्या खणांत कोणत्या क्रमाने आहेत, याला त्यांनी ‘स्थिती’ मानले. त्यातून एक चमत्कारिक फायदाही निघतो. ‘वरचे दोन आकडे आलटून पालटून ठेव’ या शब्दाला प्रत्यक्ष काही करावेच लागत नाही. पहिला खण आता दुसरा समजावा, एवढी नोंद बदलली की काम झाले. ज्याप्रमाणे सभेत दोन वक्त्यांचा क्रम बदलावयाचा तर खुर्च्या हलवाव्या लागत नाहीत, कार्यक्रमपत्रिका बदलली की पुरते.

परंतु आता आपला जुना प्रश्न विचारावयास हवा. वाचलेले श्रम गेले कुठे? ते गेले दुभाषा लिहिणाऱ्याच्या माथी. फोर्थमध्ये मूळ शब्द समजा ३०० आहेत, आणि खण ५ घेतले. केवळ किती आकडे हाताशी आहेत एवढेच पाहिले तरी ६ स्थिती होतात, म्हणजे १८०० रूपे. क्रमही मोजला तर हिशोब हाताबाहेर जातो. ३ खणांत आकडे ठेवण्याच्या तऱ्हा १६, ४ खणांत ६५, आणि ५ खणांत ३२६. त्याला ३०० ने गुणा : ९७,८००! कोणी माणसाने ही रूपे हाताने लिहावयाची म्हटली तर वर्षे जातील. शिवाय एखाद्या रूपात चूक राहिली तर ती रोज दिसणार नाही. तो शब्द, त्याच स्थितीत, ज्या दिवशी यंत्रापुढे येईल त्या दिवशीच ती दिसेल. कंटाळवाण्या आणि एकसुरी कामात माणसाची नजर चुकते, हे गिरणीतल्या अपघातांनी आम्हांस पुरते शिकविले आहे.

यावर उपाय निघाला तो असा, की रूपे माणसाने लिहूच नयेत. ती लिहिणारी आज्ञावली लिहावी. त्यासाठी फोर्थच्या कारागिरांजवळ एक चांगली सवय आधीपासूनच होती. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा चवडीवर होणारा परिणाम ते थोडक्यात नोंदवून ठेवीत : बेरजेआधी चवडीवर दोन संख्या, बेरजेनंतर एक. मूळ हेतू वाचणाऱ्याला समजावे हा. पण ही नोंद आणि ‘उत्तर म्हणजे दोन संख्यांची बेरीज’ हे एक वाक्य, एवढे हाती दिले की प्रत्येक स्थितीतले रूप यांत्रिकपणे काढता येते. किती आकडे आणावे, कोणत्या खणात उत्तर ठेवावे, शेवटची स्थिती कोणती, हे सारे त्या नोंदीतून निघते. एर्टल आणि बेर्न्ट पेझान यांच्या परिश्रमांतून वाढलेल्या ‘जीफोर्थ’ या मुक्त फोर्थमध्ये हे काम करणारी आज्ञावली स्वतः फोर्थमध्येच लिहिलेली आहे. तिच्या पद्धतीला व्यापक रूप देऊन एर्टल, डेव्हिड ग्रेग, आंद्रेआस क्राल व पेझान यांनी ‘व्हीएमजेन’ नावाचा जनक सिद्ध केला, आणि २००२ साली त्याचे विवरण प्रसिद्ध केले.

आपल्या भाषेतील उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. घर, घरास, घराने, घरात, घरांना. मराठीतील प्रत्येक नामाची अशी सारी रूपे कोणी पाठ करीत बसत नाही. नाम एकदा कळले, सामान्यरूपाचा नियम कळला, की हवे ते रूप ज्या त्या जागी तोंडून निघते. नवा शब्द भाषेत आला, उदाहरणार्थ ‘बस’, तर ‘बसमध्ये’ आणि ‘बसने’ कोणी शिकवावे लागत नाही. जनक आज्ञावली म्हणजे फोर्थच्या मूळ शब्दांची विभक्ती चालविणारे व्याकरण होय. शब्दाचा अर्थ एकाच ठिकाणी लिहिलेला राहतो. तो दुरुस्त केला की सारी रूपे दुरुस्त होतात.

रूपे तयार झाली; आता कोठे कोणते वापरावे हे ठरले पाहिजे. हे काम माळ ओवतानाच करून टाकता येते. पण माळेत फाटे असतात. ‘असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ अशा जागी दोन वाटा पुन्हा एकत्र येतात, आणि दोन्ही वाटांनी येणाऱ्याच्या हाताशी सारखेच आकडे असावे लागतात. म्हणून अशा जागी एक ठरलेली स्थिती पाळावयाची. गिरणीत पाळी बदलते तेव्हा यंत्र पुढच्या माणसाच्या हाती ठरलेल्या अवस्थेत द्यावयाचे असते. मग आपल्या पाळीत कोणी कसे काम केले, ते तो जाणे. येथेही तसेच. दोन ठरलेल्या जागांच्या मधल्या टप्प्यात मोकळीक, टोकांना शिस्त.

त्या मधल्या टप्प्यात प्रत्येक शब्दाला तेथल्या तेथे जे रूप स्वस्त पडेल ते निवडले, तर पुढे महाग पडण्याचा संभव असतो. आज एक हेलपाटा वाचविला म्हणून उद्या दोन करावे लागतात. यासाठी सबंध टप्प्याचा एकूण खर्च पाहून कमीत कमी खर्चाची वाट काढावी लागते. एर्टल आणि ग्रेग यांनी २००४ साली जे काम प्रसिद्ध केले, त्यात अशी निवड आहे. तिचा आणखी एक लाभ असा, की प्रत्येक शब्दाचे प्रत्येक रूप असलेच पाहिजे, असा आग्रह राहत नाही. जे शब्द वारंवार येतात त्यांची पुष्कळ रूपे ठेवावी. क्वचित येणाऱ्या शब्दाचे एकच ठेवावे, आणि त्याच्याआधी हाताशी असलेले आकडे ठरलेल्या स्थितीत आणणारी एक छोटी आज्ञा घालावी. २००८ सालच्या जीफोर्थमध्ये ही सारी व्यवस्था नांदू लागली.

म्हणजे सारे श्रम हवेत विरून गेले काय? नाही, हिशोब पुरा मांडला पाहिजे. रूपे वाढली की आज्ञावलीचा पसारा वाढतो, आणि फोर्थचे मूळ भूषण तर तिचा आटोपशीरपणा. वाट निवडण्याचे काम यंत्राला माळ ओवताना करावे लागते. खणही अमर्याद नसतात. इंटेलच्या ३२ बिटांच्या यंत्रांत सर्वसाधारण वापराचे खण आठच, आणि त्यांतही इतर कामांची गर्दी. पहिल्या एकदोन खणांनी जितका लाभ होतो तितका पुढच्यांनी होत नाही. शिवाय वेग आणि तपासणी यांचे नेहमीच जमते असे नाही. जीफोर्थच्या इंजिनांपैकी दोन पाहा : एक सावकाश, पण चूक कोठे झाली ते अधिक नेमके सांगणारे, दुसरे वेगवान. हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो. वेग दिला तेव्हा काय घेतले, हे ते लपवीत नाहीत.

मूर यांनी आपल्यापुरता निराळा मार्ग काढला. सामान्य यंत्रावर चवडीची नक्कल करण्यापेक्षा चवड असलेले यंत्रच घडवावे, या विचाराने ते १९८० नंतर प्रोसेसरच्या रचनेकडे वळले. त्यांच्या नोव्हिक्स चिपच्या वंशातील आरटीएक्स २०१० हे प्रोसेसर फिले या यानात होते, आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ते यान एका धूमकेतूवर उतरले. दोन्ही मार्ग खरे. एकाने यंत्र बदलले. दुसऱ्याने, जगभर माणसांच्या टेबलांवर जी सामान्य यंत्रे आहेत, त्यांच्याकडूनच अधिक काम करवून घेतले. ज्याच्या खिशात नवे यंत्र घेण्यापुरते पैसे नाहीत, त्याला दुसऱ्या मार्गाचे मोल अधिक वाटेल.

आम्ही या सुधारणेची कथा आपल्यापुढे मांडली ती ती फार मोठी आहे म्हणून नव्हे. श्रम वाचविण्याच्या ज्या योजना आमच्या आयुष्यात आम्ही पाहिल्या, त्यांतील बहुतेकींत एकाच्या पाठीवरचे ओझे उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलेले असे, आणि त्याला प्रगती हे नाव दिले जाई. येथे ओझे प्रथम यंत्राकडून माणसाकडे आले, आणि माणसांनी ते तसेच वाहण्याचे नाकारले. त्यांनी त्यातला रटाळ भाग नियमात बसवून परत यंत्राला दिला. शब्दाचा अर्थ काय, कोणती रूपे ठेवावी, वेग किती हवा आणि तपासणी किती हवी, हे ठरविण्याचा अधिकार मात्र आपल्या हाती ठेवला. अलीकडे नव्या यंत्रांविषयी फार बोलले जाते. ती किती श्रम वाचवितात, याचे आकडे आपणांस रोज ऐकविले जातील. ते आकडे ऐकल्यावर गेलेले श्रम कोणाच्या हिशोबात जमा झाले, आणि ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे दोन प्रश्न आपण आवर्जून विचारावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.